हिऱ्या, तुझ्या घरी तलाठी आलेला

हिऱ्या, तू गेल्यापासून सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलतायत आणि माझं डोकं फिरतंय. दहाव्याला खाडीवर बसलेलो तेव्हा जो तो हेच सांगत होता, हिरामण म्हणजे सोन्यासारखा माणूस, हिरामणनं आयुष्यात कुणापुढे हात पसरला नाही. मी मान हलवत होतो. आतून वाटत होतं, उठावं आणि ओरडावं, अरे पसरायला पाहिजे होता त्याने! एकदा तरी पसरायला पाहिजे होता! पण दहाव्याला असं कोणी ओरडत नाही. आणि तिथे मी कोण, तर कल्याणवरून आलेला कंपनीतला दोस्त, मिलिंद. दिलेला चहा प्यायलो आणि गप बसलो.

आता बोलतो. तुला ऐकावंच लागेल. मध्येच तोंड घालायची तुझी खोड आता चालायची नाही.

एमआयडीसीतल्या त्या रंगाच्या कंपनीत आपण एका पाळीत, एका मशीनवर किती वर्षं घासली रे! कपड्यांना वास यायचा म्हणून घरी बायका नाक मुरडायच्या, आपल्याला तो वास येईनासाच झालेला. तू डब्यात जवळा आणायचास, मी भरली वांगी, आणि झाकणं उघडली की डबे अदलाबदल. भांडायला विषय लागायचाच नाही. क्रिकेट, युनियन, वडापाव कल्याणचा चांगला की डोंबिवलीचा. एकदा नवरात्रात दोन्ही कुटुंबं ठाण्याला टेंभी नाक्यावर देवी बघायला गेलेलो, सायली तुझी एवढीशी. गर्दीत तिला मी खांद्यावर घेतली, आणि तू मागून भेळ खात ओरडत होतास, "मिल्या, पोरगी माझी हाय, पाडू नको रं!" भेळ टाकून पोरगी आपण घ्यावी हे काही तुला सुचलं नाही. तुझी वैशाली वहिनी अजून ते सांगून हसते. म्हणजे हसायची. परवा सांगता सांगता रडली.

मग मंदी आली. टीव्हीवर ती कुठल्या कुठल्या देशांत चाललेली, आपल्याकडे थेट नोटीस बोर्डावर लागली. बाहेरच्या ऑर्डरी आटल्या, दुसरी पाळी बंद झाली, आणि पर्सनलचा साहेब एकेकाला केबिनमध्ये बोलवायला लागला. टेबलावर दोन कागद. एक, कंपनीने काम नाही म्हणून कमी केल्याचा. दुसरा, आपण होऊन सोडल्याचा, म्हणजे राजीनामा. साहेब गोड बोलायचा. "राजीनामा द्या, रेकॉर्ड स्वच्छ राहतं. छान निरोप देऊ, शाल-श्रीफळ देऊ." मी म्हटलं, साहेब, कंपनी काढतेय ना? मग तसंच लिहा. माझ्या बाबांनी कल्याणजवळ मोहने गावात कारखाना बंद पडताना बघितलेला. जे झालं तेच कागदावर असू दे, एवढं एक ते बजावून गेले. माझ्यानंतर तू आत गेलास, आणि राजीनामा देऊन बाहेर आलास. मी विचारलं, काय केलंस हे? तर म्हणालास, "हाकलला म्हनून घेऊ कं?"

निरोप समारंभाला मी सगळ्यात मागे उभा होतो. मला आमंत्रण नव्हतंच, कमी केलेल्यांना नसायचं. तू पुढे, इस्त्रीचा शर्ट, अंगावर शाल, हातात नारळ, साहेबाबरोबर फोटो. खरं सांगू? झकास दिसत होतास. आमच्या कुणाच्याच निरोपाला कुणी टाळी वाजवली नाही, तुझ्या वेळेला वाजल्या, मी पण वाजवल्या. संध्याकाळी अख्खा कोळीवाडा तुझी शाल बघायला आला. हिरामणनं नोकरी सोडली, आता बापाच्या होडीवर लक्ष घालणार, असं सगळीकडे झालं. भारती वहिनींनी सगळ्यांना पेढे वाटले. नोकरी गेल्याचे पेढे वाटलेलं दुसरं घर मी बघितलेलं नाही.

आणि मग मला ती कामगार विम्याची योजना कळली. नोकरी मंदीत गेली तर काही महिने पगाराचा काही हिस्सा मिळतो. आपल्याच पगारातून दर महिन्याला विम्याचे पैसे कापून जायचे ना, त्यातलंच. मी तुला ओढत त्या ऑफिसात घेऊन गेलो. खिडकीवरची बाई चांगली होती, तिने माझे कागद घेतले, तुझे उलटसुलट बघितले आणि हळूच म्हणाली, "काका, तुम्ही राजीनामा दिलाय. हे ज्यांना काढलं त्यांच्यासाठी आहे." मला वाटलं तू चिडशील, कपाळाला हात लावशील. तू म्हणालास, "मग बरं झालं." आणि बाहेर येऊन मला उसाचा रस पाजलास. तुझ्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसत होतं. मला तो रस गिळवेना.

पुढच्या रविवारी मी तुझ्या घरी आलो ते भांडायलाच आलेलो, कबूल. आणखी काही जणांचे राजीनामे असेच घेतलेले. सगळे मिळून लेबर ऑफिसरकडे जाणार होते, की आम्ही सोडलं नाही, आमच्याकडून लिहून घेतलं. तुझ्या एका सहीचा प्रश्न होता. वहिनींनी ताट वाढलेलं, चिंबोऱ्यांचा रस्सा, मी पहिला घास घेतलेला. तू म्हणालास, "मी जाऊन बोलू का मना हाकलला म्हनून? सगल्यांनी शाल बघितलीय." मी म्हटलं, शाल काय चाटायचीय? पोरीच्या कॉलेजचं बघ. तू म्हणालास, होडी हाय. मी म्हटलं, खाडीत आता मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त आहे. तू लाल झालास. आणि म्हणालास, "तुम्हा लोकांना सवय हाय सरकारकडून घ्यायची. आमाला नाय."

वहिनी भाकरी घेऊन दारात उभ्या होत्या. सायली अभ्यास करत होती, तिचं पेन थांबलं. मी ताट सरकवलं, हात धुतला, चपला घातल्या. तू "अरं, बस ना" असं काहीतरी म्हणालास. मी स्टेशनपर्यंत चालत गेलो, रिक्षा पण नाही केली.

हिऱ्या, तेव्हा बोललो नाही ते आता ऐक. सवय म्हणालास ना? मागायची सवय आम्हाला नव्हतीच रे. माझ्या आजोबांना आपल्या वाट्याचं काही असतं हेच कुणी सांगितलेलं नव्हतं. मान खाली घालून जे पदरात पडेल ते घ्यायचं, एवढंच त्यांना ठाऊक. वर बघून, माझं आहे ते द्या, असं म्हणायला शिकण्यात आमच्या पिढ्या गेल्या. बाबा शिकले, त्यांनी मला शिकवलं. आणि तू त्यालाच सवय म्हणालास. ज्याच्या डब्यातलं मी अर्धं आयुष्य खाल्लं तो माणूस म्हणाला. दुसरा कोणी असता तर कॉलर धरली असती. तू होतास म्हणून चपला घातल्या.

किती महिने गेले मग? तुझा फोन नाही, माझा नाही. मला भिवंडीच्या गोदामात काम लागलं. विम्याचे ते पैसे मिळाले म्हणून काम शोधायला सवड मिळाली, नाहीतर पहिल्या दिवशी जे मिळेल ते उचलावं लागलं असतं. एक दिवस घरी आलो तर किचनमध्ये तळणीचा वास. वैशाली म्हणाली, "हिरामण भावोजी आलेले. वर या म्हटलं तर आले नाहीत. खालीच पिशवी दिली, म्हणाले मिल्याला आवडतो." पिशवीत जिताडा. बाजारात ज्याचा भाव विचारून आपण पुढे जातो तो जिताडा, आणि तो तू विकायचा सोडून कल्याणला आणून दिलास, त्या दिवसांत, जेव्हा तुझ्या घरी काय चाललंय हे मला दुसऱ्यांकडून कळत होतं. मी म्हटलं, नको मला. वैशाली म्हणाली, "माफी पाठवलीय त्यांनी. गुमान खा." खाल्ला. सॉलिड होता. तुला फोन करून तसं सांगायचं मनात होतं, पण फोनवर मासळीचं बोलायचं की त्या दिवसाचं, हे ठरेना. तू पण केला नाहीस. आपण दोघं एकाच मातीचे, आडमुठे.

आणि मग सकाळी सकाळी सायलीचा फोन. बंदरावर इंजिन उचलताना छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत... जाऊ दे. मी भिवंडीवरून कसा आलो ते मला आठवत नाही.

आता खरं सांगायचं ते. तुझ्या माघारी घरात काही नाही, हिऱ्या. पीएफ तू बाहेर पडल्या पडल्या काढलास आणि इंजिनात घातलास. ते इंजिन विकायला काढलंय, गिऱ्हाईक नाही. वहिनी सुकी मासळी घेऊन बाजारात बसतात, ज्या दिवशी खपते त्या दिवशी खपते. सायली कॉलेज सोडून मोबाईलच्या दुकानात विचारून आली, काउंटरवर घेतो म्हणाले. वहिनींनी मला हे सांगितलं तेव्हा डोळ्यात पाणी नव्हतं, नुसत्या पदराचं टोक पिळत बसलेल्या. म्हणाल्या, "भावोजी, पोरगी शिकली पायजे. ह्यांची एवढी एकच इच्छा होती."

मी म्हटलं, वहिनी, निराधार योजना आहे. नवरा गेलेल्या बाईला दर महिन्याला सरकार पैसे देतं. थोडेच असतात, त्यावर घर चालत नाही, पण गॅस, लाईट बिल, सायलीचा पास एवढं तरी निघतं. हे म्हणेपर्यंत तुझे शेजारचे काशीनाथकाका आत आले. सगळं बाहेरून ऐकलेलं. "निराधार?" म्हणाले. "आमच्या पाड्यान निराधार कोन हाय? आमी काय मेलाव?" मी हात जोडले. म्हटलं, काका, तो फक्त योजनेतला शब्द आहे. काका म्हणाले, शब्दच वंगाळ हाय. वहिनी दोन आठवडे नाही म्हणत राहिल्या. मी दर रविवारी जात राहिलो. शेवटी सायली म्हणाली, "आई, तू अर्ज नाय केला तर मी सोमवारपासून दुकानात जातंय," तेव्हा कुठे हो म्हणाल्या. कल्याणच्या तहसील कार्यालयात मी आणि सायलीने मिळून सगळे कागद दिले. आता तलाठी घरी येऊन चौकशी करणार, परिस्थिती कशी आहे ती बघणार, असं सांगितलं.

पुढचं ऐकून तू पोट धरून हसला असतास. मला त्या दिवशी सुट्टी मिळाली नाही. सायलीचा मेसेज आला, "काका, तलाठी आलेत", तसा मी हाफ डे टाकून निघालो. तुझ्या दारात पोचतो तर ओटीवर चार नव्या खुर्च्या, त्या काकांच्या. कोपऱ्यात उभा पंखा, तो कुणा सुनेच्या माहेरचा. स्टुलावर कोल्ड ड्रिंकची मोठी बाटली, काजूची बशी. सोफ्यावर लग्नातली चादर, कारण मुळात तो सोफाच शेजारचा. आणि आतून वास येतोय जिताड्याचा! मी दारातच थिजलो. काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "सायेब पयल्यांदा आपल्या पाड्यान आलाय, त्याला तसाच पाठवू कं?" बिचारा तलाठी, तरुण पोरगा, नको नको म्हणतोय, आणि पाड्यातल्या बाया त्याच्या ताटात तुकडी वाढतायत. वहिनींना पण सगळ्यांनी नवी साडी नेसवून बसवलेलं. तुझा फोटो मध्ये, शाल पांघरलेला, साहेबाबरोबरचा.

पोराने जे डोळ्यांना दिसलं ते लिहिलं. परिस्थिती समाधानकारक. त्याचं काय चुकलं?

मी त्या ओटीवर बसलो आणि तोंडाला येईल ते बोललो. काकांना बोललो, बायांना बोललो, तुझ्या फोटोला पण बोललो. म्हटलं, तुम्ही सगळे मिळून या घराला इज्जतीत बुडवताय. जिताडा खायला घालता, त्याऐवजी पोरीची फी भरा ना! काका खाली बघत राहिले. मग एक म्हातारी बोलली, "बाला, आमच्याकरं तरी कं हाय? खुर्च्या हायेत त्या दिल्या." मला एकदम रडायला आलं. त्यांनी खरंच, जे होतं ते सगळं आणून तुझ्या घरात मांडलेलं. मी त्यांच्यावर ओरडत होतो, आणि त्या बाया मलाच ताट वाढायला लागल्या.

मग परत तहसीलच्या फेऱ्या. फेरचौकशीचा अर्ज, आज साहेब मीटिंगला, उद्या सर्व्हर बंद. गोदामातले लोक विचारायला लागले, मिलिंद, तुझं काय चाललंय? मी म्हणायचो, घरचं काम आहे. शेवटी तोच तलाठी पुन्हा येणार असं ठरलं. या खेपेला मी आदल्या दिवशीच पाड्यात सगळ्यांना सांगून आलो. खुर्ची आणायची नाही, साडी बदलायची नाही, ताट नाही, काजू नाही. तुझा तो फोटो पण मी आत ठेवला. माफ कर, पण ठेवला.

आला तो. तुझ्या ओटीवर जमिनीवरच बसला, मांडीवर पॅड. बाहेर सगळा पाडा उभा. त्याने वहिनींना विचारलं, "घरात कमावणारं कोण आहे?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, "तुमीच सांगा भावोजी." मला काय, मी तर दोन महिने हेच वाक्य पाठ करून बसलेलो. तोंड उघडलं. हिरामणच्या माघारी या घरात काहीच नाही, एवढंच म्हणायचं होतं. आणि हिऱ्या, ते येईना. बाहेर काका उभे, आत पोरगी उभी, आणि मी सगळ्यांसमोर म्हणू, की माझ्या दोस्ताने मागे काही ठेवलं नाही? त्या क्षणी मला पहिल्यांदा समजलं, त्या केबिनमध्ये तुझं काय झालं असेल ते. तू चुकलासच, मी अजूनही तेच म्हणतो. पण समजलं.

तलाठी पेन धरून थांबलेला. वहिनींनी माझ्याकडे एकदा बघितलं, पदर खोचला आणि पुढे सरकल्या. "तुमी ऱ्हावद्या, मी सांगतंय," म्हणाल्या. "सायेब, माझा मरद गेला. घरान कमावनारा कोनी नाय. त्या दिवशी खुर्च्या लोकांच्या व्हत्या, मासली लोकांची व्हती. माझी एक पोरगी हाय, ती शिकतेय, ती शिकनार. लिवा." त्याने लिहिलं. काकांना विचारलं, खरं का? काकांनी टोपी काढली, हातात धरली आणि म्हणाले, "खरा हाय." आणि खाली सही पण केली, मोठी, सगळा कागद व्यापेल अशी.

त्यानंतरही मंजुरीला वेळ लागलाच, तो लागतोच. मी रोज वहिनींना विचारायचो, त्या रोज नाही म्हणायच्या. सायली कॉलेजला जात होती, पण दुकानवाल्याला पण तिने नाही सांगितलेलं नव्हतं.

आज दुपारी मी गोदामात माल उतरवून घेत होतो, तेव्हा वहिनींचा फोन आला. "भावोजी, आलं," म्हणाल्या, "बँकेत आलं. सायली दुकानात नाय म्हनून सांगून आली." मी तिथेच एका पोत्यावर बसलो. म्हटलं, वहिनी, लय भारी झालं. त्या हसल्या. मी फोन ठेवणार तेवढ्यात घाईघाईने, आवाज बारीक करून म्हणाल्या, "भावोजी, ह्यांना नका सांगू हां."

बोलून गेल्या, मग त्यांच्याही लक्षात आलं आणि माझ्याही.

मी म्हटलं, नाही सांगत, वहिनी. आणि घरी आल्यापासून बघ, तुलाच सगळं सांगत बसलोय.